नऊ हजारांचं घर कितीला पडतं?

शाळा सुरू व्हायच्या आत घर बदलायचं म्हणून मे-जूनमध्ये नाशिकभर टेम्पो भरलेले दिसतात. या अंकात भाड्याच्या घराविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : मी अंबड एमआयडीसीत कामाला आहे, पत्नी इंदिरानगरला एका बालवाडीत शिकवते. आडगावकडे वन बीएचके ७,००० ला मिळतोय. तेवढाच फ्लॅट पाथर्डी फाट्याला ९,००० सांगतात. आमची झेप नऊपर्यंतच आहे. आडगावचा घ्यावा का? (सातपूर)

तुमच्या नोकऱ्या जिथे आहेत ते पाहता, घेऊ नका. कागदावर दोन हजार वाचतात, पण त्यातले बरेचसे रस्त्यावर सांडतात.

हिशेब असा. आडगावहून अंबड जाताना पंधराएक किलोमीटर, येऊन-जाऊन तीस. महिन्याचे २६ दिवस धरले तर ७८० किलोमीटर. गाडी लिटरला ५० देते आणि पेट्रोल १०५ रुपये आहे असं धरू, म्हणजे सुमारे १,६४० रुपये झाले. पाथर्डी फाट्यावरून रोजचे आठ किलोमीटर धरले तर साधारण ४४० रुपये. फरक १,२०० चा. त्यात गाडीची सर्व्हिसिंग. ती ३,००० किलोमीटरला करत असाल तर आडगावहून दर चार महिन्यांनी येईल, पाथर्डी फाट्यावरून वर्षातून एकदा. पत्नीला इंदिरानगरला यायचा खर्च वेगळा, आणि मध्ये द्वारका चौक आहेच. सकाळी साडेआठला तिथे अडकलेल्या माणसाला स्वस्त भाड्याचं काही वाटत नाही.

आडगाव वाईट आहे असं नाही. ओझरला एचएएलमध्ये, आडगावच्या मेडिकल कॉलेजात किंवा अमृतधामकडच्या कॉलेजांत रोजचं जाणं असेल तर तीच बाजू बरोबर. पंचवटी एक्स्प्रेसने मुंबई गाठणाऱ्याने जेलरोड, दसक, पंचक, चेहेडी इकडे पाहावं. तुमच्यासाठी मात्र अंबड गाव, चुंचाळे, कामटवाडे, उत्तमनगर, पवननगर हा पट्टा आधी पायाखाली घाला. सिडकोच्या सहा योजनांतली मूळची छोटी घरं, त्यांवर मालकांनी चढवलेले मजले, हे नव्या नाशिकचं खरं स्वस्त भाड्याचं घर. लिफ्ट नाही, वॉचमन नाही, म्हणून मेंटेनन्सही नाही. तिथे तीन गोष्टी विचारा : वर जायचा जिना वेगळा आहे का, लाइटचं मीटर वेगळं आहे का, आणि पाण्याची मोटार कोणाच्या हातात आहे. मोटारीचं बटण मालकाच्या स्वयंपाकघरात असेल तर ते गावाला गेले की तुमची पंचाईत.

शोधायचं कसं? एजंटला फोन करायच्या आधी दोन रविवार सकाळी १० ते १ त्या गल्ल्यांतून चाला. फाटकावरच्या पाट्या वाचाच, पण खरी माहिती इस्त्रीवाला, दूधडेअरी आणि किराणावाल्याकडे असते. कोणाचा फ्लॅट कधी रिकामा होणार हे त्यांना पाटी लागायच्या आधी कळतं. एकाच गल्लीत तीन घरांचे भाव विचारा, म्हणजे चालू दर आपोआप कळतो. घासाघीस करायची तर मालकाकडे महावितरणचं शेवटचं बिल मागा. त्यावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. तीन-चार महिने युनिट शून्याच्या आसपास दिसले तर घर तेवढे दिवस ओस आहे. अकरा महिन्यांतले दोन महिने घर रिकामं राहिलं की मालकाचं १८ टक्के उत्पन्न गेलं. तिथे पाचशे-सातशे रुपये सहज उतरतात.

तुम्ही पाळीत काम करत असाल तर एक बघा. सिटीलिंकची शेवटची बस आणि दुसऱ्या पाळीची सुटी यांचा मेळ बसतो का, हे घर घ्यायच्या आधी थांब्यावर जाऊन विचारा.

प्रश्न : पुढच्या आठवड्यात दोन फ्लॅट बघायला जायचंय. एजंट दहा मिनिटांत दाखवून उरकतो. नेमकं काय बघायचं? (म्हसरूळ)

एजंटबरोबर पहिल्यांदा जा, दुसऱ्यांदा एकटे जा. दुसरी फेरी कॉर्पोरेशनचं पाणी येतं त्या वेळेची ठेवा. कोणत्या भागात किती वाजता येतं ते खालच्या मजल्यावरची बाई एका वाक्यात सांगेल.

पाणी सगळ्यात आधी, कारण भिंतीला रंग देता येतो, पाणी बदलता येत नाही. विचारायचा प्रश्न असा : कॉर्पोरेशनचं पाणी थेट स्वयंपाकघराच्या नळाला येतं, की खालच्या टाकीत पडून मोटारीने वर चढतं? बऱ्याच इमारतींत खालच्या टाकीत बोअरचंही पाणी सोडतात. मग प्यायचं आणि वापरायचं एकच होतं. बोअरचं पाणी ओळखायला यंत्र नको. शॉवरची भोकं बघा, नळाचं तोंड बघा, गिझरच्या जोडावर बोट फिरवा. पांढरा, खरखरीत थर असेल तर पाणी जड आहे. त्या पाण्यात डाळ शिजायला वेळ लागतो, साबणाला फेस येत नाही आणि गिझरचं कॉइल लवकर जातं. शंका असेल तर वाटीभर पाणी घरी आणून स्टीलच्या पातेल्यात पूर्ण आटवा. तळाला पांढरं कडं उरलं की उत्तर मिळालं.

मग बाथरूमचा नळ पूर्ण सोडून १५ लिटरची बादली लावा आणि घड्याळ बघा. दोन मिनिटांत भरली तर ठीक. चार मिनिटं लागली तर सकाळी आंघोळीला रांग लागणार. सगळ्यात वरच्या मजल्यावर ही तक्रार हमखास असते. पाण्याचा दाब टाकीच्या उंचीवर ठरतो, आणि वरच्या मजल्याच्या डोक्यावर टाकी जेमतेम दोन-तीन मीटर असते. खालच्याला धो-धो आणि वरच्याला धार, हे त्यामुळेच. वरचा मजला स्वस्त मिळतो त्याला हे एक कारण. दुसरं कारण एप्रिल-मेमध्ये दुपारी स्लॅबखाली उभं राहिलं की समजतं.

ओल शोधायची तर पश्चिमेच्या आणि नैर्ऋत्येच्या भिंती बघा. आपल्याकडे पावसाचा मारा त्याच बाजूने असतो. उन्हाळ्यात भिंत कोरडी दिसली म्हणून फसू नका. ओलीच्या खुणा राहतात : प्लास्टरवर मिठासारखी पांढरी भुकटी, रंगाचे पोपडे, खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली भेग. बोटाने टकटक करा. पोकळ आवाज आला तर प्लास्टर सुटलंय. सगळी भिंत जुनी आणि मध्येच एक चौकोन नवा रंगवलेला असेल तर विचारा, तिथे काय होतं? कपाट भिंतीला टेकवून ठेवलेलं असेल तर ते हलवून बघा, कोणी रागावत नाही. जमिनीपासून फूटभर उंचीपर्यंतच पोपडे असतील तर बहुधा पलीकडे बाथरूम आहे आणि फरश्यांच्या सांध्यांतून पाणी झिरपतंय. ही दुरुस्ती फरशी उखडल्याशिवाय होत नाही, आणि भाडेकरूसाठी फरशी उखडणारा मालक दुर्मीळ.

लाइटचं. मीटरपेटीत तुमच्या फ्लॅटचं मीटर कोणतं ते डोळ्यांनी बघा, त्यावरचा नंबर बिलाशी जुळवा. बिलावर बारा आकडी ग्राहक क्रमांक असतो, त्यावरून थकबाकी ऑनलाइन दिसते. मागच्या भाडेकरूची थकबाकी तशीच राहिली तर वायरमन वीज तोडायला येईल तेव्हा घरात तुम्ही असाल. सबमीटर असेल तर जास्त सावध राहा. घरगुती विजेचा दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांनी चढत जातो. दोन कुटुंबं एका मीटरवर असली की दोघांची बेरीज वरच्या टप्प्यात जाते आणि तुमचे ९० युनिटही महाग पडतात. मालक युनिटला सरसकट किती लावणार, ते आधी ठरवून करारात घ्या.

गोदावरी, नासर्डी किंवा वाघाडीच्या काठाकडे तळमजला बघत असाल तर जवळच्या जुन्या दुकानदाराला एवढंच विचारा : २००८ ला आणि २०१६ ला पाणी कुठवर आलं होतं? तो दुकानातल्या भिंतीवर हात ठेवून दाखवेल. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या (पुराची उंची लोक याच मूर्तीवरून मोजतात) कमरेला पाणी लागलं की तुमच्या गल्लीत काय होतं, हे घरमालकापेक्षा त्याला जास्त ठाऊक असतं.

पार्किंग, गॅसची पाइपलाइन आली आहे का, आत बसून फोनला रेंज मिळते का, हेही बघून घ्या.

प्रश्न : घरमालक म्हणतात, "अकरा महिन्यांचंच आहे, स्टॅम्प पेपरवर नोटरी करून टाकू, रजिस्टर कशाला? उगाच खर्च." खर्च खरंच फार येतो का? (पाथर्डी फाटा)

अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, ही समजूत महाराष्ट्रात चुकीची आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ५५ सांगतं की भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा (भाडेहक्क न देता ठरल्या मुदतीपुरतं राहू देण्याचा) करार लेखी हवा आणि नोंदवलेलाही हवा, मुदत कितीही असो. नोंदवायची जबाबदारी मालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. लेखी नोंदवलेला करार नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते खरं धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही. म्हणजे नोटरीत जास्त धोका मालकाचाच आहे, हे त्यांना शांतपणे सांगून बघा. शिवाय नोंदवलेल्या लिव्ह अँड लायसन्समध्ये मुदत संपल्यावरही घर सोडलं नाही तर मालकाला कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि दुप्पट दराने भरपाई मागता येते. मालकाला "भाडेकरू बसला तर?" ही जी धास्ती असते, तिच्यावर औषध नोंदणीतच आहे.

आता खर्च. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. कशावर? पूर्ण मुदतीचं भाडं, अधिक परत न मिळणारी रक्कम असेल तर ती, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर दरसाल १० टक्के. समजा भाडं ९,००० आणि डिपॉझिट ३०,०००. अकरा महिन्यांचे ९९,०००, डिपॉझिटचे ३,०००, मिळून १,०२,०००. त्याचे ०.२५ टक्के म्हणजे २५५ रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. बाराशे-तेराशेचं काम, वर ऑनलाइनचं हाताळणी शुल्क आणि यंत्र घेऊन घरी येणाऱ्या माणसाची मजुरी. मजुरीत घासाघीस चालते, म्हणून सरकारी पावती वेगळी मागा. हा खर्च दोघांनी निम्मा वाटून घ्यायची पद्धत आहे.

दोन-तीन वर्षं राहायचं नक्की असेल तर अकरा महिन्यांचा हट्ट सोडा. लिव्ह अँड लायसन्स ६० महिन्यांपर्यंत करता येतो. २२ महिन्यांचा केला, पुढच्या अकरा महिन्यांसाठी वाढ आत्ताच लिहिली, की नोंदणी फी एकदाच लागते आणि मध्येच एजंट नूतनीकरणाची दलाली मागायला येत नाही. ही दलाली मुळात कशाची, हे कोणी नीट सांगत नाही.

करार घरी बसून आधारवर होतो : मालक, भाडेकरू, दोन साक्षीदार, प्रत्येकाचं आधार, बोटाचा ठसा आणि फोटो. घरपट्टीची किंवा लाइट बिलाची प्रत लागते, पॅन जवळ ठेवा. अडतं ते ठशावर. यंत्रावर, वाळू-सिमेंटमध्ये काम करणाऱ्यांची बोटं घासलेली असतात, म्हाताऱ्या मालकांचंही तेच. आदल्या रात्री बोटांना खोबरेल लावा, सकाळी साबणाने धुऊन कोरडी करा आणि दहाही बोटं करून बघा. तरीही नाहीच आलं तर दुय्यम निबंधक कार्यालयाची वारी करावी लागते.

सही करण्याआधी चार ओळी स्वतः वाचा. घर सोडण्याची नोटीस दोन्ही बाजूंना सारखीच एक महिन्याची आहे का. लॉक-इन, म्हणजे ज्या काळात करार मध्येच मोडता येत नाही तो, किती महिन्यांचा आणि तो मोडल्यास किती पैसे. मेंटेनन्स भाड्यात धरलाय की वेगळा. आणि डिपॉझिट किती दिवसांत परत. करारावरचं मालकाचं नाव आणि घरपट्टीवरचं नाव एकच हवं. मालक परदेशात असून मेव्हणा करार करणार असेल तर कुलमुखत्यारपत्र बघितल्याशिवाय डिपॉझिट देऊ नका.

करार झाला की भाडेकरूची माहिती तुमच्या भागाच्या पोलीस ठाण्यात गेली पाहिजे. हे ऑनलाइनही होतं. ती पोच करारासोबत ठेवा, पुढे उपयोगी पडते.

प्रश्न : एक मालक ४ लाख हेवी डिपॉझिट घेऊन दोन वर्षं भाडंच नको म्हणतो. त्या इमारतीत भाडं ८,००० चालतं. फायद्याचं नाही का? (जेलरोड)

उलट बाजूने हिशेब करा. ४ लाख मुदत ठेवीत ७ टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला २८,०००, म्हणजे महिन्याला २,३०० च्या आसपास. मालक ८,००० चं भाडं सोडून २,३०० च्या मोलाचे पैसे घेतोय. स्वतःचं महिन्याला साडेपाच हजारांचं नुकसान तो का करेल? बहुतेक वेळा उत्तर एकच : त्याला एकरकमी पैसा हवाय आणि बँक देत नाही. बँक का देत नाही, हा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारा.

यात बुडायची वाट अशी आहे. फ्लॅटवर गृहकर्ज असतं, हप्ते थकतात आणि बँक फ्लॅट ताब्यात घ्यायला येते. बँकेच्या लेखी तुमच्या ४ लाखांना काही किंमत नाही, ते मालकाचं वैयक्तिक देणं. मालकाकडे पैसे असते तर हप्ते थकले नसते.

तरीही करायचंच असेल तर नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये फ्लॅटचा इंडेक्स २ (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) काढा आणि गहाणाची सूचना नोंदवलेली आहे का तेही बघा. कर्ज असेल तर बँकेचं ताजं स्टेटमेंट मागा. पैसे फक्त मालकाच्या खात्यात, चेकने किंवा ऑनलाइन, आणि करारात पूर्ण रक्कम. "डिपॉझिट जास्त दाखवलं तर स्टॅम्प ड्युटी वाढते" ही थाप आहे : ४ लाखांचे १० टक्के ४०,०००, दोन वर्षांचे ८०,०००, त्याचे ०.२५ टक्के होतात २०० रुपये. दोनशे रुपये वाचवायला चार लाखांचा पुरावा सोडायचा, असं कोणी सुचवलं तर तिथूनच परत फिरा.

प्रश्न : आम्ही तिघे इंजिनिअरिंगचे विद्यार्थी. तीन सोसायट्यांनी "बॅचलर चालत नाही" म्हणून परत पाठवलं. चौथीकडे महिना ५०० "भाडेकरू चार्ज" मागतात. (अमृतधाम)

सहकारी संस्थांच्या आदर्श उपविधींत भाडेकरू लग्न झालेलाच हवा, असं कुठे नाही. पण चेअरमनशी कायदा भांडून मिळालेल्या घरात तुम्हाला रोज त्याच लिफ्टने जायचंय. त्यापेक्षा बंगल्याचा वरचा मजला किंवा रो-हाऊस शोधा, हिरावाडी, कोणार्कनगर, धात्रक फाटा या भागांत. मालक स्वतः खाली राहत असेल तर तो तुमच्या आईवडिलांशी एकदा फोनवर बोलतो आणि विषय संपतो.

५०० रुपयांचं : सहकारी गृहनिर्माण संस्थेला फ्लॅट भाड्याने दिल्याबद्दल बिनभोगवटा शुल्क घेता येतं, पण ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही. शासनाचा हा आदेश १ ऑगस्ट २००१ चा आहे. सेवाशुल्क ६०० असेल तर ६० रुपये. तेही सभासदाने, म्हणजे मालकाने भरायचं. मात्र आधी इमारतीची पाटी नीट वाचा. नाशिकमध्ये बऱ्याच इमारती सहकारी संस्था नसून १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालच्या आहेत. तिथे हा आदेश जसाच्या तसा लागत नाही, त्यांचं घोषणापत्र आणि ठराव बघावा लागतो.

करारात तिघांचीही नावं घाला. एकाच्याच नावावर घेतलं आणि बाकीचे दोघे सेमिस्टर संपल्यावर निघून गेले, की सगळं भाडं त्या एकाच्या बोकांडी. डिपॉझिटमध्ये कोणाचे किती, हे तिघांच्या सहीने एका कागदावर लिहा. मैत्री टिकते.

प्रश्न : देवळाली कॅम्पजवळचा फ्लॅट ऑनलाइन पाहिला. मालक सैन्यात आहेत, बदली झाली म्हणून भाडं कमी. घर बघायला "गेट पास"साठी ५,००० आधी भरायचे, लगेच परत येतील म्हणतात. (उपनगर)

भरू नका. ही ठरलेली फसवणूक आहे. देवळालीला छावणी असल्यामुळे ती आपल्याकडे खरी वाटते, एवढंच. नंतर एक क्यूआर कोड येईल, "हा स्कॅन केला की पैसे परत". पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. या दोन्ही गोष्टी केल्या की पैसे जातात. पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० ला फोन करा.

प्रश्न : घर सोडताना २५,००० डिपॉझिटमधून १४,००० रंगाचे कापले. अकरा महिनेच राहिलो. परत मिळतील का? (सिडको)

करारात "रंगाचा खर्च भाडेकरूचा" अशी ओळ आहे का, ते आधी वाचा. बरेच एजंट ती छापील नमुन्यात घालूनच ठेवतात. ओळ नसेल तर वापराने आलेला मळकटपणा ही मालकाची बाब. खिळ्यांची भोकं, क्रेयॉनच्या रेघोट्या, तुटलेला कमोड ही तुमची. मालकाकडे रंगाऱ्याचं बिल लेखी मागा. बिल नसलेली कपात बिल मागितल्यावर बऱ्याचदा अर्ध्यावर येते. नाहीच ऐकलं तर नोटीस द्या आणि जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व अर्ज करा. तिथे दोघांना समोरासमोर बसवतात. चौदा हजारांसाठी दिवाणी दावा लावला तर वकिलाची फी चौदा हजारांना पुरून उरते.

पुढच्या घरी किल्ली हातात आली की सामान आत नेण्याआधी मोबाईलवर पाच मिनिटांचा व्हिडिओ करा. प्रत्येक भिंत, नळ, सिंकखालचा पाइप, कमोडचं झाकण, पंखे, मीटरचं रीडिंग. त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सअॅपवर पाठवा, म्हणजे तारीख आपोआप नोंदली जाते. सोडताना शेवटच्या दोन महिन्यांचं भाडं "डिपॉझिटमधून वळतं करा" असं परस्पर ठरवू नका. करारात बहुधा त्याला मनाई असते, आणि तुमची बाजू विनाकारण पडते. किल्ली आणि डिपॉझिटचे पैसे एकाच बैठकीत, एकाच टेबलावर.

प्रश्न : भाडं ९,०००. कंपनी घरमालकाचा पॅन मागते, मालक देत नाहीत. (इंदिरानगर)

वर्षाचं भाडं १ लाखाच्या वर गेलं की घरभाडे भत्त्याच्या सवलतीसाठी मालकाचा पॅन द्यावा लागतो. तुमचं १,०८,००० होतं, म्हणून मागतात. महिना ८,३३३ पर्यंत ही अडचण येत नाही. मात्र तुम्ही नव्या करप्रणालीत असाल तर ही सवलतच मिळत नाही, मग मालकाशी वाद कशाला. जुनी प्रणाली असेल तर नोंदवलेल्या करारात पॅन आहे का बघा, बहुतेक वेळा असतो.

प्रश्न : पंचवटीत घर बघतोय. मालक म्हणतात, सिंहस्थाच्या काळात दोन महिने घर रिकामं करून द्यावं लागेल, नंतर परत या. असं चालतं का? (मखमलाबाद)

तोंडी ठरवाल तर तुम्ही दोन महिने बाहेर, आणि परत यायची खात्री कोणाचीच नाही. २०२७ च्या पावसाळ्यात पर्वस्नानं आहेत. रामकुंडाजवळच्या घरांना तेव्हा यात्रेकरू दिवसाच्या भाड्याने मिळू शकतात, म्हणून मालकांचं लक्ष तिकडे आहे. त्यात गैर काही नाही, पण ते तुमच्या जिवावर नको.

दोन वाटा आहेत. एक, कराराची मुदत २०२७ चा दसरा ओलांडून जाईल अशी घ्या आणि लॉक-इन दोन्ही बाजूंना लावा. तेवढ्या काळात मालकाला तुम्हाला मध्येच उठवता येत नाही. दुसरी, मालकाची अट मान्यच असेल तर तीच लिहून घ्या : कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, त्या काळाचं भाडं शून्य, सामान एका खोलीत कुलूपबंद आणि किल्ली तुमच्याकडे, त्या काळातलं लाइट बिल मालकाचं, आणि ठरल्या तारखेला ताबा दिला नाही तर रोजचे किती रुपये. या मोबदल्यात भाड्यात आत्तापासून सूट मागा. मुलं शाळेत असतील तर पहिलीच वाट धरा, कारण ऑगस्टमध्ये पंचवटीत दोन महिन्यांपुरतं दुसरं घर तुम्हालाही यात्रेकरूंच्याच भावाने मिळेल.